खालची कडी

कडी सरकली तेव्हा वसुमती गॅलरीत वाळलेली दुपटी काढत होती. आवाज तिच्या पूर्ण ओळखीचा. दिवसातून कितीदा तरी तो तिच्याच हातून व्हायचा. आधी लोखंडी दांडीची खरखर, मग मूठ खाली पाडल्याचा टक्, आणि शेवटी दारावर हलक्या दोन थापा, 'झालं, बसलं' अशा. त्या थापा ऐकून ती जागच्या जागी थिजली, कारण थापाही तिच्याच होत्या. कडी लावल्यावर आपण दाराला असं थोपटतो हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. गॅलरीच्या दाराच्या आत तिची दीड वर्षाची मुलगी भव्या होती आणि बाहेर ती स्वतः. पोर सगळं बघत होती म्हणायची. ही कडीसुद्धा तिच्यासाठीच बसवलेली. वरच्या कडीनं दार लागायचं, पण खालून ढकललं की बोटभर फट पडायची, आणि त्या फटीत भव्या बोटं घालायची. तेवढ्यावरून वसुमतीनं शिवकुमारच्या मागं लागून सुतार बोलावला होता. "किल्ला आहे की काय हा?" असं म्हणून शिवकुमार हसला, आणि कारखान्याच्या बसला उशीर होतोय म्हणून निघून गेला. कडी मात्र बसली, पोराच्या बरोब्बर छातीच्या उंचीवर.

आणि नेमक्या आज दुपारी रत्नाबाई यायच्या होत्या. रत्नाबाई म्हणजे शिवकुमारची आई. सासूला या घरात अत्ते म्हणायचं हे वसुमती लग्नानंतर शिकली. खानापूरकडच्या मुलीला ते आधी जडच गेलं होतं. अत्ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या मल्लेश्वरमहून भव्याला न्यायला येणार होत्या. "कायमची नेत नाही गो. पोर स्वल्प बाळसं धरूं दे, तू स्वल्प नीज. चार-सहा महिने." मल्लेश्वरमचं घर माणसांनी भरलेलं. कुठल्याशा फौजेबरोबर या गावात येऊन पिढ्यानपिढ्या इथंच राहिलेल्या माणसांचं घर. तिथं पोर कुठं आहे असं कुणी विचारत नाही. कुणाच्या तरी कडेवर असतंच. इकडं वसुमती रात्ररात्र जागी. भव्याच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायचा, चमचे उकळायचे, उकळलेले परत उकळायचे. मुलीचं वजन करताना डॉक्टर शिवकुमारला म्हणाले होते, "पोर ठीक आहे हो, आईकडं बघा." तेव्हापासून घरात हा विषय निघाला होता. वसुमतीनं हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. उत्तर आज द्यायचं होतं. आता अत्तेंनी काही विचारायचीच गरज उरली नव्हती. पोर आत कोंडलेली आणि आई बाहेर, हे बघितलं की झालं.

हॉलची खिडकी गॅलरीतच उघडायची. गजांना धरून तिनं आत बघितलं. भव्या हॉलच्या मधोमध उभी होती, स्वतःच्या कर्तबगारीवर खूष. तिच्यामागं बोळ आणि बोळाच्या टोकाला न्हाणीघर. त्याचं फुगलेलं दार गेल्या पावसाळ्यापासून पूर्ण मिटत नव्हतं. आज पाण्याचा वार. एक दिवसाआड यायचं पाणी, म्हणून पहाटेच वसुमतीनं पिंप, बादल्या आणि तो पसरट टब काठोकाठ भरून ठेवला होता. तो टब डोळ्यांपुढं आला आणि तिच्या तोंडून किंकाळी फुटली. "भव्या! इकडं ये! कडी काढ, कडी!" मुलीचा चेहरा आधी कोरा झाला, मग खालचा ओठ पुढं आला. आईचा असा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. ती वळली आणि आवाजापासून दूर, बोळाकडं चालू लागली. पुढच्या दाराला लॅच, साखळी, वर आडवी दांडी. शेजाऱ्यांकडं दिलेल्या किल्लीनं ते दार उघडणार नव्हतं. मागं मोकळा प्लॉट, निलगिरीची झाडं, खडक. वरच्या मजल्यावरून हयवदनरावांच्या पूजेची घंटा ऐकू येत होती. पूजेला बसले की राव मौनात. तीर्थ घेईपर्यंत आभाळ कोसळलं तरी बोलायचे नाहीत, आणि ऐकायलाही त्यांना कमीच यायचं. आणखी एक हाक तिच्या घशाशी आली होती. ती तिनं गिळली. गिळताना तिला ते रान आठवलं.

रान आठवलं म्हणजे आधी स्वतःचंच ते धावणं आठवलं. लग्नाआधी, धारवाडला शिकताना, शेकरूंचा अभ्यास करायला ती घाटमाथ्यावर गेली होती, दिवाळी सरल्यावर. बरोबरची मुलगी पहिल्याच आठवड्यात तापानं फणफणून परतली आणि लाकडी केबिनमध्ये वसुमती एकटी उरली. सुरुवातीला शेंड्यात तपकिरी शेपूट हललेली दिसली की दुर्बीण सावरत ती झाडाकडं पळायची आणि शेकरू शिव्या दिल्यासारखं खकखकत दुसऱ्या डोंगरात जायचं. असे किती दिवस गेले. मग एका सकाळी कंटाळून ती पायरीवर तांदूळ निवडत बसली. खडे काढायचे, बाजूला टाकायचे. मान वर केली तेव्हा शेकरू उंबराच्या खालच्या फांदीवर पोट टेकून पसरलेलं, हातपाय दोन्हीकडं लोंबत, तिच्याकडं एकटक बघत. आपण बघितलं की ते जातं. आपण आपल्या कामात असलो की ते येतं. एवढंच होतं ते. पुढं सगळा हंगाम तिनं तांदूळ निवडले, फाटलेलं शिवलं, शेंगा सोलल्या, आणि रान हळूहळू जवळ येऊन बसलं.

गजांवरची बोटं तिनं एकेक करून सोडवली. खिडकीशी फरशीवर ती बसली, तोंड प्लॉटकडं, खांदा खिडकीकडं. कपड्यांचे चिमटे ॲल्युमिनियमच्या वाडग्यात होते. ते तिनं पदरात ओतले आणि एकेक परत वाडग्यात टाकायला लागली. टण्. टण्. आत बघायचं नाही. हाताला घाई करू द्यायची नव्हती. घाई रानातल्या जिवांना कळते. टण्. बोळातली पावलं थांबली. थांबली म्हणजे कुठं थांबली? तिनं मान वळवली नाही. पाठीला डोळे फुटावेत तशी तिची पाठ बघत होती. टण्. मग फरशीवर अनवाणी पावलांचं पट् पट्, जवळ येणारं, मध्येच विचारात पडलेलं, परत जवळ येणारं. गजांतून एक ओलसर श्वास तिच्या दंडावर आला. "मिता," भव्या म्हणाली. चिमटा. वसुमतीनं चिमटा गजांतून आत दिला. तिनं तो घेतला, न्याहाळला, परत बाहेर दिला. वसुमतीनं वाडग्यात टाकला. टण्. पोर हसली.

आता एवढंच करायचं होतं. कुणी येईपर्यंत हे चालू ठेवायचं. आणि येणार त्या अत्तेच. ज्यांची वाट बघायची त्यांचीच धास्ती. चिमटा आत जात होता, बाहेर येत होता, आणि त्या लयीत वसुमतीच्या अंगातून काहीतरी सुटत चाललं होतं, फार दिवस आवळून धरलेल्या दोरीसारखं. केबिनच्या पायरीवर ऊन असंच पडायचं, तिरपं, गुडघ्यापर्यंत. फळ्यांना जुन्या सागाचा आणि उंदरांचा वास. कौलांवर रात्री फळं पडायची आणि गडगडत खाली यायची; पहिल्यांदा तिला वाटलं होतं कुणी दगड मारतंय. पाणी झऱ्यावरून बांबूच्या पन्हळीतून यायचं, त्याचा आवाज इतका सतत की तो थांबल्यावरच ऐकू यायचा. बाजाराच्या दिवशी जंगल खात्याचा वॉचर येसाजी तांदूळ, कांदे आणि गावच्या चहाड्या घेऊन वर यायचा. पायरीवर बसून बिडी पेटवायचा. "काय ओ बाई, सरकार माणसं मोजतंय धा वर्सातनं एकदा, आनि शेकरू रोज मोजायला लावतंय तुमाला? त्यास्नी रेशन कार्ड देनार हाय व्हय?" मग चुलीत डोकावून, "भात करपिवलासा की परत. सासू मिळूं दे चांगली तिखट, मग शिकशीला!" तो उतरून गेला की त्याच्या बिडीचा वास थोडा वेळ थांबायचा, मग तोही जायचा आणि आठवडाभर तिच्याशी बोलणारं कुणी नसायचं. तिला ते आवडायचं. आवडायचं म्हणजे सुरुवातीला रडूही आलं होतं, रात्री सांबर ओरडलं की ती उठून कंदील लावायची, पण नंतर एक दिवस तिच्या लक्षात आलं की सकाळपासून आपण स्वतःशी एक शब्दही बोललेलो नाही. डोक्यातली ती बाई, सारखी सूचना देणारी, बजावणारी, ती कुठंतरी निघून गेली होती. नुसतं बघणं उरलं होतं. झऱ्यावर उन्हाचा कवडसा सरकताना बघायचा तर तोच बघायचा. भूक लागली की खायचं. झोप आली की दार नुसतं लोटून निजायचं. अशी झोप परत आली नाही. वळीव पडायला लागले, अभ्यासाचे दिवस संपले, ती खाली उतरली; पायथ्याच्या एस.टी.त बसल्यावर माणसांचे आवाज अंगावर माती फेकल्यासारखे वाटले होते.

आणि भव्या झाल्यावर ती बाई डोक्यात परत आली ती मुक्कामालाच. हे पडेल, ते गिळेल, हे भाजेल. मुलीला आंघोळ घालताना वसुमती मुलीकडं बघायचीच नाही, पाण्याकडं बघायची. घास भरवताना घशाकडं. दीड वर्षात आपण या पोरीकडं नुसतं असं कधी बघितलं? आता ती तिरक्या नजरेनं बघत होती, शेकरूला बघायची तशी, आणि दिसत होतं की चिमटा उघडताना भव्या जीभ डाव्या गालात घालते. तिच्या कानामागं तीळ आहे. चिमटा मिटला की ती श्वास रोखते आणि उघडला की सोडते, म्हणजे चिमट्याचं काम ती सगळ्या अंगानं करते. हे सगळं रोज घरात होत होतं. वसुमतीला एकदम फार बरं वाटलं. आणि बरं वाटल्याबरोबर लाज वाटली. मध्ये दार आहे म्हणून बरं वाटतंय का आपल्याला? पोर एका बाजूला, आपण एका बाजूला, हात पोचत नाही, म्हणून? कुठली आई अशी असते? चिमटा तिच्या हातात राहिला. "मिता!" भव्यानं दटावलं. तिनं तो वाडग्यात टाकला. पण बरं वाटायचं थांबलं नाही.

तेवढ्यात बेल वाजली.

भव्याची मान वळली. "तिंग," ती म्हणाली, हातातला चिमटा तिथंच सोडला आणि निघाली. "भव्या," वसुमती हळूच म्हणाली, टण् टण् दोन चिमटे टाकून बघितले. पण बेलपुढं चिमट्यांची काय कथा. पट् पट् पावलं बोळात शिरली. अर्ध्यावर थांबली. दाराची करकर झाली, न्हाणीघराच्या. मग छप्. तळहात पाण्यावर आपटल्याचा आवाज. परत छप्, आणि एक खुदकन हसू. वसुमतीनं स्वतःचं मनगट दातांत धरलं. ओरडलं तर पोर दचकेल, आणि दचकली तर पुढं जाईल. टबाच्या कडेवर पालथं पडलेलं अंग तिच्या मनापुढं उभं होतं, समोरची भिंत दिसत नव्हती. बेल परत वाजली, लांबलचक. अत्तेंना धीर कुठला. छप् थांबलं. पावलं निघाली, ओली, चप् चप्, पुढच्या दाराकडं. ती दाराशी पोचल्याचं ऐकू आलं तेव्हा वसुमती उठली आणि साऱ्या घराच्या आरपार, एकेक शब्द सुटा करून, अत्तेंसाठी ओरडली.

"अत्ते! मी गॅलरीत अडकलेय! भव्या आत एकटी आहे! न्हाणीत पाणी भरलंय! तिला तिथंच दारापाशी धरून ठेवा, बोलत राहा!"

पलीकडं जिन्यावर पिशवी टेकल्याचा आवाज. मग "अय्यो देवा" असं पुटपुटणं. मग लगेच दुसराच आवाज, मधाळ, वसुमतीनं कधी न ऐकलेला. "कोण गो आत? भव्या का? का मांजर?" "माऊ!" "माऊ काय? मग मी कोण?" "अज्जी!" "नव्हे, मी आज भिकारीण. हे बघ, दाराखालून काय आलं? बांगडी. घे. दे परत. बांगडी चोरली माझी! पोलिसा, धाव रे!" भव्या खिदळत होती. अत्ते जिन्यावरच्या धुळीत आडव्या झाल्या असणार, त्या नेसूच्या चांगल्या लुगड्यात. मुलगी दुसऱ्या कुणाशी हसतेय आणि आपण मोकळ्या आहोत, हे वसुमतीला आत कुठं टोचेल म्हणून तिनं क्षणभर वाट बघितली. टोचलं नाही.

वरच्या गॅलरीतून सोवळ्याचा काठ खाली लोंबला. "वसुमतीबाई, काय म्हणे हे? मघा फुलं टाकायला आलो तर तुम्ही चिमट्यांशी खेळत बसलेल्या. पूजेत होतो म्हणून विचारलं नाही." हयवदनरावांना तीर्थ मिळालं होतं. तिनं मान वर करून, हातवारे करून सांगितलं. त्यांनी भाजीची टोपली दोरीनं खाली सोडली, तिच्यात हातोडी आणि एक जाड खिळा. "बिजागरीची सळई खालून वर ठोका. बोटावर मारू नका हो, माझी हातोडी पापात नको!" दार गॅलरीत उघडायचं, म्हणून बिजागऱ्या तिच्याच बाजूला होत्या. गंजलेल्या. केबिनचं दार एकदा अस्वलानं धडक देऊन कलतं केलं होतं, तेव्हा तिनं ते दगडानं ठोकून एकटीनं बसवलं होतं; हाताला ते आठवत होतं. तिसरी सळई सुटली, दार बिजागरीकडून कलंडलं, आणि त्या सांदीतून ती अंग चोरून आत गेली. पळाली नाही. चालत जाऊन दांडी काढली, साखळी काढली, लॅच फिरवलं.

रत्नाबाई उंबऱ्यापाशी खरोखरच पालथ्या होत्या. केसांत जळमट. मनगटावर एकच बांगडी, बाकीच्या सगळ्या भव्याच्या हातात. "हसू नको," त्या म्हणाल्या. वसुमती हसत नव्हती, रडत होती, मग त्यांचं तोंड बघून हसायला लागली. "दोन मजले चढून आले ते काय हे सर्कस करायला? सून बाहेर, नात आत आणि मी जमिनीवर!" मग उठता उठता त्यांनी वसुमतीचा दंड घट्ट धरला, उभं राहायला म्हणून, पण उभ्या राहिल्यावरही सोडला नाही.

जेवणं झाली. टब वसुमतीनं रिकामा केला होता. भव्या अज्जीच्या मांडीवर झोपली. रत्नाबाई तिच्या केसांतून बोटं फिरवत, वर न बघता म्हणाल्या, "कपडे बांधलेस तिचे?"

"नाही, अत्ते. बांधणार नाही. ती इथंच राहील."

"आज एवढं होऊनसुद्धा?"

"आज एवढं झालं म्हणूनच."

रत्नाबाईंनी केसांतली बोटं थांबवली. "वरचे रायर म्हणाले मला जिन्यात, तू चिमटे घेऊन बसलीस, शांत. त्यांना वाटलं डोकं फिरलं हिचं. ओरडली का नाहीस गो आधी? मी असते तर तुमच्या या साऱ्या बनशंकरीला गोळा केलं असतं."

"ओरडले असते तर ती पाण्याकडं गेली असती. रानात असंच बसावं लागतं." आणि मग, स्वतःला थोपवायच्या आत, तिनं सांगून टाकलं. "अत्ते, मी रानात एकटी होते. सोयरीक जमवताना माझ्या अप्पांनी तुम्हाला बायकांचं हॉस्टेल होतं म्हणून सांगितलं. हॉस्टेल नव्हतं. एक लाकडी खोली होती डोंगरावर, आणि मी."

"एकटी? म्हणजे रात्रीसुद्धा?"

"रात्रीसुद्धा. वळीव पडेपर्यंत."

वसुमतीनं वाट बघितली. दिलेलं उत्तर आता हातातून जाईल, 'असली मुलगी, असली आई' असं काहीतरी अत्तेंकडून येईल. रत्नाबाईंनी झोपलेल्या भव्याचा पाय दुमडला होता तो सरळ केला.

"मी कधीच नाही," त्या म्हणाल्या. "आईकडं आम्ही अकरा. मल्लेश्वरमला आले तेव्हा सासू, चुलतसासू, दीर. न्हाणीत गेले तरी बाहेरून कुणी विचारायचं, झालं का? रिकाम्या घरात एक रात्र म्हणून काढली नाही मी. कसं वाटतं गो?"

"आधी भीती वाटते. मग कंटाळा येतो. मग..." वसुमतीनं झोपलेल्या भव्याकडं बघितलं. "मग आपण कमी होतो, अत्ते. आणि बाकीचं सगळं दिसायला लागतं."

"हं." त्यांना ते कळलं की नाही कोण जाणे. "एक करते. रविवारी हिला नेते, आणि दिवेलागणीच्या आत आणून सोडते. शिवू पण येईल. तेवढा वेळ तू काय करशील?"

"बसेन."

"नुसती?"

"नुसती."

"बसायला सुट्टी पाहिजे हिला," रत्नाबाई भव्याला म्हणाल्या, झोपलेल्या. मग इकडंतिकडं बघून, कुणी ऐकत नाही ना असं, "मी पण येऊं का एखाद्या रविवारी बसायला?" आणि लगेच स्वतःच तोंडावर हात घेऊन हसल्या. "अय्यो, मग ते एकटं कसं होईल!"

"होईल," वसुमती म्हणाली. "तुम्ही इथं या. मी आणि भव्या मल्लेश्वरमला जाऊ."

रत्नाबाईंचं हसू राहून गेलं. त्यांनी हॉलकडं बघितलं, गोदरेजच्या कपाटाकडं, सोफ्याकडं, कलंडलेल्या दारातून आत आलेल्या उन्हाकडं, जणू हे घर कुणी त्यांना पहिल्यांदाच दाखवत होतं आणि त्यात माणसं नव्हती.

"आणि जेवायचं?" त्यांनी विचारलं, आवाज खाली आणून.

"हवं तेव्हा."

"हवं तेव्हा," रत्नाबाई म्हणाल्या. मग परत एकदा, आणखी हळू. "हवं तेव्हा."